‘ठाणे’ची लांबी किती? मराठी स्ट्रिंग हाताळण्याची क्रमवार पद्धत

‘ठाणे’ ही स्ट्रिंग (प्रोग्रॅममधला मजकूर) देऊन लांबी विचारली तर प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी पायथन ४ सांगतं, गो १२ सांगतं आणि स्विफ्ट २. तिघंही खरं बोलतात. घोळ आपण घालतो, कारण एका भाषेत लागलेली सवय दुसरीत तशीच नेतो.

मी महापे-ऐरोली पट्ट्यात नोकरी करतो. दर पावसाळ्यात टीममध्ये नवी मुलं येतात आणि दिवाळीच्या आत प्रत्येकाकडून ही चूक एकदा तरी होते. मी स्वतः तर घरच्याच मैदानावर केली. खारेगावातल्या आमच्या सोसायटीच्या देखभाल पावत्यांसाठी पीएचपीत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आडनावाच्या रकान्याला २० ची मर्यादा घातली. ‘म्हात्रे’ला २० कशाला लागतील? पावती आली त्यावर ‘म्हात्’, आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह. म्हात्रेकाकूंनी जिन्यातच गाठलं: “अरे, पैसे पूर्ण घेतलेस, नाव अर्धंच का?”

तेच काम उदाहरणाला धरू. सभासदांची यादी आत घ्यायची, साफ करायची, शोधायची, क्रमाने लावायची आणि पावती छापायची. टप्प्यांचा क्रम मोडू नका. निम्मे घोटाळे चौथ्या टप्प्याचं काम सहाव्यानंतर केल्याने होतात.

तयारी: चाचणीचे शब्द

कोड लिहिण्याआधी एक छोटी मजकूर-फाइल करून ठेवा. कुठल्याही भाषेत गेलात तरी ही सोबत न्यायची. माझी अशी आहे (कोडपॉइंट म्हणजे युनिकोड या जागतिक तक्त्यातली एक खूण, यूटीएफ-८ म्हणजे ती खूण बाईटमध्ये साठवण्याची पद्धत):

- ठाणे: कोडपॉइंट ४, यूटीएफ-८ मध्ये बाईट १२, डोळ्यांना दिसणारी अक्षरं २.
- नवी मुंबई: कोडपॉइंट ९, बाईट २५, अक्षरं मधली मोकळी जागा धरून ६.
- तुर्भे: कोडपॉइंट ६, बाईट १८, अक्षरं २.
- म्हात्रे: कोडपॉइंट ८, बाईट २४, अक्षरं २.
- आचाऱ्यांना: कोडपॉइंट १० किंवा ११. हे दोन आकडे का, ते चौथ्या टप्प्यात.
- ॲप आणि अॅप: दिसायला एक, आत दोन वेगळ्या स्ट्रिंग.
- ठाणे आणि त्याला चिकटून हात जोडलेली इमोजी.

हिशेब सोपा आहे. मूळ देवनागरीचा पट्टा युनिकोडमध्ये १२८ जागांचा आहे आणि त्यातली प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये ३ बाईट खाते. मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण या सगळ्या स्वतंत्र कोडपॉइंट आहेत. मोकळी जागा मात्र एकाच बाईटची, म्हणून ‘नवी मुंबई’चे २७ नाही, २५.

टप्पा १: काय मोजायचं ते आधी ठरवा

‘लांबी’ हा शब्द गरजेच्या कागदावर दिसला की थांबा आणि विचारा, कशाची? साठवण आणि नेटवर्क यांना बाईट हवेत. एसएमएसला १६ बिटांचे घटक हवेत. पडद्यावर किंवा कागदावर कापायचं असेल तर अक्षरं हवीत. कोडपॉइंट हा मधला आकडा. तो मिळतो पटकन, म्हणून सगळीकडे वापरला जातो, पण थेट उपयोगी फार कमी ठिकाणी पडतो.

तपासणी: अर्जात ‘नाव जास्तीत जास्त २०’ असं असेल तर त्यापुढे एकक लिहिलेलं आहे का? नसेल तर कोड लिहायला बसू नका. लिहून घ्या.

टप्पा २: आपली भाषा काय मोजते ते पाहा

इथे चार घराणी आहेत.

बाईट मोजणारी: सी, गो, रस्ट आणि पीएचपीची साधी स्ट्रिंग-फंक्शनं. ‘ठाणे’ला सगळी १२ सांगतात. सीमध्ये शेवटच्या शून्यासाठी एक बाईट जास्त लागतो, म्हणजे जागा १३ ची ठेवायची. गोमध्ये इंडेक्स शून्यावर, म्हणजे पहिल्या जागेवर, ‘ठ’ मिळत नाही, २२४ हा आकडा मिळतो, ‘ठ’च्या तीनपैकी पहिला बाईट. गोचं रेंज लूप मात्र कोडपॉइंटने चालतं आणि इंडेक्स ०, ३, ६, ९ असा उड्या मारत जातो. या उड्या बघून घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथे बिघडलेलं काही नसतं.

गो आणि रस्ट यांच्यातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘ठाणे’चे पहिले ४ बाईट कापायला सांगा. गो निमूट कापून देतं, अर्ध्या ‘ा’सकट. रस्ट तिथल्या तिथे पॅनिक होऊन थांबतं. शिवाय चौकटी कंसात नुसता इंडेक्स देऊन एक अक्षर मागितलंत तर रस्ट कंपाइलच करत नाही. वैताग येतो, पण मला भांडणारी भाषा परवडते. गप्प बसणारीचा हिशेब महिन्याने गिऱ्हाईक सांगतं.

१६ बिटांचे घटक मोजणारी: जावा, जावास्क्रिप्ट, सी शार्प. ‘ठाणे’ला ४ सांगतात, तेवढेच कोडपॉइंट असतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. इमोजी जोडा. पायथन ५ सांगेल, जावास्क्रिप्ट ६, कारण हात जोडलेल्या इमोजीला १६ बिटांचे दोन घटक लागतात. सभासद नावात इमोजी घालणार नाहीत, पण तक्रारीच्या रकान्यात घालतात. आणि भरपूर घालतात.

कोडपॉइंट मोजणारी: पायथन ३. सरळ आहे, पण कोडपॉइंट म्हणजे अक्षर नव्हे. ‘ठाणे’ उलटं करा, ‘ेणाठ’ मिळेल, पहिली मात्रा अधांतरी. पॅलिंड्रोम ओळखण्याचा मुलाखतीतला प्रश्न मराठी शब्दावर विचारला की निम्मे उमेदवार इथेच अडकतात.

अक्षर मोजणारी: स्विफ्ट. ‘ठाणे’ला २ सांगते. म्हणून अमुक क्रमांकाचं अक्षर काढायला तिला सुरुवातीपासून चालत जावं लागतं, आणि इंडेक्स म्हणून साधा पूर्णांक ती घेत नाही.

पीएचपी वापरत असाल तर तिन्ही आकडे एकाच ठिकाणी बघता येतात: साधं स्ट्रलेन १२ देतं, एमबी-स्ट्रलेन ४, ग्राफीम-स्ट्रलेन २. माझी पावती पहिल्या प्रकाराने कापली गेली होती. २४ बाईटांतले २० घेतले. त्यात ६ कोडपॉइंट पुरते बसले आणि उरले २ बाईट. तेच शंकरपाळं.

इशारा: ‘तुर्भे’ची अक्षरं काही ठिकाणी ३ येतील. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या लायब्ररी ‘तु’, ‘र्’, ‘भे’ असे तीन तुकडे करतात आणि ‘म्हात्रे’चे चार. सर्व्हरवर जुनी आणि मोबाइलमध्ये नवी लायब्ररी असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत. म्हणून हा आकडा डेटाबेसमध्ये साठवू नका, लागेल तेव्हा काढा.

टप्पा ३: दारातच एन्कोडिंग सांगा

फाइल उघडताना एन्कोडिंग (बाईट वाचण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहा. ‘डिफॉल्ट तेच असतं ना’ हे उत्तर चालणार नाही. जावात डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं ते जेडीके १८ या आवृत्तीपासून, २०२२ साली. त्याआधीची जावा विंडोजवर सिस्टीमचं कोडपेज (तिथली जुनी एन्कोडिंग) घेते. विंडोजवर पायथनमध्येही एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर तेच होऊ शकतं. लॅपटॉपवर चाललेला प्रोग्रॅम सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बिघडतो तो असा.

बिघाड कुठल्या जातीचा आहे ते चेहऱ्यावरून ओळखता येतं. डोक्यावर फटकारा दिलेला इंग्रजी ए आणि शेजारी चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर बाईट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचलेत. परत वाचा, मजकूर मिळेल. पण नुसती इंग्रजी प्रश्नचिन्हं ओळीने उभी असतील तर मूळ अक्षरं गेली. ती कुठल्याही उपायाने परत येत नाहीत, मूळ फाइलच पुन्हा मागवावी लागते.

एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम नावाची ३ बाईटांची अदृश्य खूण असू शकते. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि ‘नाव’ हा रकाना प्रोग्रॅमला सापडत नाही, डोळ्यांसमोर असूनही. पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग या नावाने वाचलं की ती गळून पडते. उलट दिशेने, एक्सेलसाठी फाइल लिहिताना ती मुद्दाम घाला, नाहीतर डबल-क्लिक करणाऱ्याला मराठी दिसणार नाही.

इशारा: जुन्या डीटीपीच्या फाइली, श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या, यूटीएफ-८ ने उघडून उपयोग नाही. त्यांत मराठी नसतंच. इंग्रजी खुणांवर मराठी चित्रं चढवलेला फॉन्ट असतो. त्यांना कन्व्हर्टरच लागतो, आणि कन्व्हर्टरमधून आलेला मजकूर पुढच्या टप्प्याशिवाय वापरू नका.

टप्पा ४: शोधण्याआधी साफसफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजीसाठी लिहिलेली पुस्तकं ‘एनएफसी करा’ (दोन प्रकारे साठवलेलं एकच अक्षर एका रूपात आणण्याची युनिकोडची पद्धत वापरा) म्हणून मोकळी होतात. मराठीला तेवढ्याने भागत नाही.

एनएफसी आधी कराच. ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन कोडपॉइंट असले तर त्यांचा तो एक ‘ऱ’ करतो. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट यांच्यात सोय अंगभूत आहे. गो आणि रस्टमध्ये वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. स्विफ्ट तुलना करतानाच हा फरक स्वतः मिटवते.

आता जे एनएफसी करत नाही ते.

पहिलं, आपला डोळ्यातल्या पापणीसारखा र. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. दुसऱ्यातला र दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’, पाय मोडण्याची खूण आणि ‘य’, किंवा साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण, एक अदृश्य जोडक आणि ‘य’. दिसायला दोन्ही सारखेच, पण पहिल्यात कोडपॉइंट १०, दुसऱ्यात ११. कीबोर्ड बदलला की लिहिण्याची तऱ्हा बदलते, आणि एनएफसी दोन्हींना हात लावत नाही. स्विफ्टही त्यांना वेगळंच मानते. ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘किनाऱ्यावर’: रोजच्या मराठीत हा र पावलोपावली आहे, तेव्हा याला अपवाद समजून सोडता येत नाही.

नेहमीची चूक: ‘अदृश्य खुणा काढून टाका’ असं फंक्शन डोळे झाकून चालवणं. अदृश्य जोडक गेला की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि स्वयंपाक्यांचं मानधन गुरुजींच्या खात्यात जमा होतं. आधी जोडकवाला र ‘ऱ’वर आणा, बाकीचं नंतर.

दुसरं, ‘ॲ’. तो स्वतंत्र एकच कोडपॉइंट आहे. पण ‘अ’ला चंद्र देऊनही तसाच दिसतो. ‘ॲड.’ म्हणून वकिलांची नावं शोधलीत आणि अर्धीच सापडली तर इथे बघा.

तिसरं, कन्व्हर्टरची घाण: ‘अ’ आणि काना मिळून बनलेला खोटा ‘आ’, ‘आ’ आणि मात्रा मिळून बनलेला खोटा ‘ओ’. यासाठी स्वतःचा बदल-तक्ता करावा लागतो. क्रम असा: आधी ‘अ’ आणि काना यांचा ‘आ’ करा, मग ‘आ’वर एक मात्रा असेल तर ‘ओ’, दोन असतील तर ‘औ’, चंद्र असेल तर ‘ऑ’. शेवटी ‘अ’वर नुसता चंद्र उरला असेल तर ‘ॲ’. क्रम उलटा केलात तर तीन खुणांचा खोटा ‘ओ’ पहिल्या फेरीत सुटतो आणि तसाच राहतो.

हे सगळं मूळ रकान्यावर करू नका. मूळ नाव जसं आलं तसं ठेवा, आणि शेजारी ‘शोध-नाव’ असा दुसरा रकाना करून त्यात साफ केलेलं घाला. सभासदाने स्वतःचं नाव कसं लिहायचं हा त्याचा प्रश्न आहे, आपला नाही.

तपासणी: चाचणीच्या फाइलमधला ‘आचाऱ्यांना’ दोन्ही प्रकारांनी लिहून साफसफाईतून काढा. दोघांचे १० कोडपॉइंट आले पाहिजेत. ‘आचार्यांना’ मात्र वेगळंच राहिलं पाहिजे. ही शेवटची अट लोक तपासत नाहीत.

टप्पा ५: शोध, रेजेक्स आणि आकडे

जावावाल्यांनो, दोन बरोबरच्या चिन्हांनी स्ट्रिंगची तुलना करू नका, इक्वल्स वापरा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दर बॅचमध्ये एक जण करतोच.

रेजेक्समधली (मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीतली) ‘शब्दातलं अक्षर’ ही खूण भाषेगणिक बदलते. जावास्क्रिप्ट आणि गोमध्ये ती इंग्रजीपुरतीच आहे. जावातही वेगळा फ्लॅग दिल्याशिवाय तसंच. पायथनमध्ये ती देवनागरी व्यंजनं घेते, मात्रा टाकून देते. ‘ठाणे’वर चालवलीत तर ‘ठ’ आणि ‘ण’ असे दोन ‘शब्द’ सापडतात. पायथनला ‘ठाणे’ सगळं अक्षरंच आहे का असं इझअल्फाने विचारलंत तरी उत्तर ‘नाही’, कारण मात्रा अक्षराच्या वर्गात मोडत नाही. रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज घेतलं की पायथनचा हा त्रास जातो. रस्टचं रेजेक्स मुळातच मात्रा धरून चालतं. नावाची पडताळणी स्वतः लिहिणार असाल तर अक्षर, मात्रा-वर्ग, अदृश्य जोडक, मोकळी जागा आणि टिंब एवढं सगळं चालू द्या.

आकड्यांची गंमत वेगळीच. ‘१०२’ हा फ्लॅट क्रमांक देवनागरीत आला तर पायथन आणि जावा त्याची संख्या बिनतक्रार करून देतात. जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नाही’ म्हणतं. गो आणि रस्ट एरर देतात. म्हणून पिनकोडसारखे रकाने दारातच एका लिपीत आणा. पायथनची पडताळणी ‘४००७०८’ पास करते आणि ऐरोलीचा तो पत्ता इंग्रजी आकड्यांनी शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही.

टप्पा ६: कापायचं तर अक्षरावर

‘मुंब्रा’ पाच कोडपॉइंटवर कापला की ‘मुंब्’ उरतो. म्हणून कापणं नेहमी ग्राफीमवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरावर. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर आहे, पीएचपीत ग्राफीम-सबस्टर, रस्ट आणि पायथनमध्ये बाहेरची पॅकेजं, स्विफ्टमध्ये काही करावं लागत नाही. बाईटची मर्यादा असेल तर एकेक अक्षर जोडत जा आणि पुढचं बसत नसेल तिथे थांबा.

टप्पा ७: क्रम लावणं

साध्या सॉर्टमध्ये कोडपॉइंटचा क्रम येतो आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ठाण्याच्या आजूबाजूची चार नावं घ्या. साधा सॉर्ट देतो: कल्याण, कळवा, कवेसर, कशेळी. मराठी क्रम: कल्याण, कवेसर, कशेळी, कळवा. कोलेटरला (क्रम लावणाऱ्या सोयीला) मराठीचा लोकेल (भाषेची सेटिंग) द्या आणि ही चार नावं चालवून बघा. लोकेल दिला म्हणजे काम झालं असं धरू नका. सर्व्हरवर मराठीचा डेटा बसवलेला नसेल तर काही ठिकाणी एरर न देता तो साध्या क्रमावर येतो.

टप्पा ८: साठवण, एसएमएस आणि कागद

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यूटीएफ-८-एमबी-४ निवडा. नुसत्या जुन्या ‘यूटीएफ-८’मध्ये एका खुणेला ३ च बाईट मिळतात. मराठी बसतं, इमोजी बसत नाही. तिथे २० चा व्हारचार (मजकुराचा रकाना) म्हणजे २० कोडपॉइंट. ओरॅकलमध्ये मात्र मूळ सेटिंगला २० म्हणजे २० बाईट, आणि ‘म्हात्रे’ला लागतात २४. रकाना तयार करताना एकक ‘चार’ (इंग्रजी CHAR) असं लिहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीतल्या मराठी मजकुरापुढे इंग्रजी एन (N) लावायला विसरलात तर प्रश्नचिन्हं साठतात, आणि ती जात कुठली ते वर सांगितलं आहेच.

मराठी एसएमएस ७० घटकांचा. त्याहून लांब झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७. ‘देखभाल शुल्क थकीत’ असं सविस्तर लिहिलंत तर पैसे दोन-तीन एसएमएसचे जातात.

शेवटी पीडीएफ. एक पान प्रत्यक्ष प्रिंटरवर काढा, आणि त्यात ऱ्हस्व वेलांटीचा एक तरी शब्द असू द्या. ‘दिघा’ घ्या. साठवताना ‘द’ आधी आणि वेलांटी नंतर असते. ती उचलून ‘द’च्या अलीकडे मांडणं हे अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचं काम आहे. काही पीडीएफ लायब्ररींमध्ये ते इंजिन नसतं आणि वेलांटी ‘घ’च्या डोक्यावर जाऊन बसते. आमच्याकडे एका मुलाने यावर उपाय म्हणून डेटाबेसमध्येच वेलांटी व्यंजनाआधी हलवली. पावत्या सुंदर छापल्या. दुसऱ्या दिवशी शोध-पानावर ‘दिघा’ टाकलं तर शून्य सभासद. त्याने बदललेले रकाने बॅकअपमधून परत आणले आणि लायब्ररी बदलली.